पाव आटा

आमच्या मामांच्या ट्रकच्या डिझेल पंपाला वाटाण्याएवढं शिशाचं एक सील होतं. दोन पिळलेल्या तारा आणि त्यांच्या टोकाला चेपलेला एक मणी. विजेच्या मीटरला असतो तसा. त्या सीलच्या आड एक स्क्रू होता आणि तो फिरवायचा नाही, असं कंपनीचं पुस्तक सांगत होतं. ते पुस्तक ड्रायव्हरच्या सीटखाली जॅकचा दांडा आणि तंबाखूची पुडी यांच्यामध्ये असायचं. त्याची पहिली सोळा पानं क्लिनरने हात पुसायला वापरली होती. स्क्रूविषयीची सूचना त्याच सोळा पानांत असणार, असा माझा अंदाज आहे.

या स्क्रूवर कराडमधल्या तीन माणसांचं जगणं टांगलेलं होतं. एक मालक, म्हणजे आमचे मामा. दुसरे ड्रायव्हर अण्णा, पाटणकडचे, मामांपेक्षा वयाने दहा वर्षं मोठे. आणि तिसरे पंप-नोझलचं दुकान चालवणारे मिस्त्री.

मामांच्या लेखी ट्रकचा जन्म अ‍ॅव्हरेज देण्यासाठी झाला होता. माल वाहणं हे जाता जाता घडणारं काम. त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक चोपडी होती. तिच्यात तारीख, लिटर आणि किलोमीटर असे तीन रकाने. साडेचारचं अ‍ॅव्हरेज चारवर आलं की मामांच्या घरात आमटी पातळ व्हायची. मामी चोपडी न बघता, नुसता मामांचा चपला काढण्याचा आवाज ऐकून, गाडीने लिटरला किती दिलं ते सांगायच्या.

अण्णांचं दुखणं वेगळं होतं. "मालक, गाडी वढत न्हाय." हे वाक्य ते सकाळी राम राम घालावा तसं म्हणायचे. गाडी शोरूममधून आणली त्या दिवशी, गळ्यातला झेंडूचा हार सुकायच्या आत, त्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं होतं. मामा विचारायचे, "अण्णा, तुम्हाला वढायची तरी किती आहे?" त्यावर अण्णा कुंभार्ली घाटाच्या दिशेने नुसती मान करायचे.

अण्णांची बाजू अगदीच खोटी नव्हती. गाडी १६१२ होती. ट्रकच्या नावातले हे आकडे एका सरळ हिशेबाने ठेवतात: पहिले दोन म्हणजे लादलेल्या गाडीचं टनातलं वजन, पुढचे दोन म्हणजे अश्वशक्तीचा दहावा भाग. म्हणजे सोळा टन आणि एकशेवीस घोडे. भागाकार केला तर टनाला साडेसात घोडे पडतात. रस्त्यावर दिसणाऱ्या शंभर सीसीच्या मोटरसायकलीची ताकदही साधारण तेवढीच असते. तेव्हा एका मोटरसायकलीला एक टन जांभ्याचे चिरे बांधा, अशा सोळा मोटरसायकली एकापुढे एक जुंपा आणि कुंभार्ली घाटाने चिपळूणहून कोयनेकडे चढवा. अण्णा हे रोज करत होते. शिवाय सोळा टन हे कागदावरचे. चिरे भरणाऱ्याला कागद वाचता येत नसे आणि मामांना तो वाचून दाखवायची घाई नसे.

त्याच घाटाच्या पोटातून कोयनेचं पाणी बोगद्यांनी खाली पोफळीकडे उतरतं. आज त्या सगळ्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. पाणी घाट उतरताना निम्म्या महाराष्ट्राचे दिवे लावतं आणि अण्णा तोच घाट चढताना नव्वदेक किलोवॅट घेऊन पहिल्या गिअरमध्ये देवाचं नाव घेत असतात, हा विरोध मला तेव्हापासून छळत आलाय.

आता पंपाबद्दल थोडं सांगायला हवं. पेट्रोलच्या गाडीत आपण पाय दाबला की हवेचं दार उघडतं. डिझेलच्या इंजिनाला असलं दार नसतं. ते दर श्वासाला पोटभर हवा घेतं. ताकद कमीजास्त करायची ती फक्त डिझेलच्या मापावर, आणि ते माप देतो पंप. सहा सिलिंडर, सहा बारीक दट्टे. प्रत्येक दट्ट्याच्या अंगावर एक तिरकी खाच. दट्टा वर-खाली तेवढाच होतो, पण स्वतःभोवती जरा फिरवला की खाचेमुळे डिझेल जास्त जातं किंवा कमी. सहाही दट्टे एका दातेरी दांडीने फिरतात. ती दांडी किती पुढे जाऊ शकेल, याला अडसर घालणारा आमचा तो सीलबंद स्क्रू.

दट्टा आणि त्याची नळी यांना दुकानात एलिमेंट म्हणतात. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा विसावा-तिसावा हिस्सा. दोघं कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार होतात. एकाचा दट्टा दुसऱ्याच्या नळीत चालत नाही. एक गेला की दोघंही बदलायचे. इतक्या काटेकोर जोड्या मी तालुक्याच्या वधुवर मेळाव्यातही पाहिल्या नाहीत.

प्रत्येक वेळी आत जाणारं डिझेल किती असावं? पूर्ण लोडवर साधारण एक थेंब. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असेल तर एकेका सिलिंडरला सेकंदाला वीसहून जास्त वेळा हा एक थेंब पोचतो, तोही दोनशेच्या आसपास वातावरणांच्या दाबाला उघडणाऱ्या नोझलमधून, धुक्यासारखा फवारून. सगळी मारामारी या थेंबाची आहे. मामांना वाटायचं तो पाऊण असावा. अण्णांना वाटायचं तो सव्वा असावा.

हा थेंब बाहेरून मोजून देण्याची सोय होईपर्यंत डिझेलचं इंजिन रस्त्यावर आलंच नव्हतं. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला चाललं. पण त्यात इंधन फवारायला दाबाखालची हवा लागे आणि त्या हवेसाठी भलामोठा कॉम्प्रेसर. असलं धूड ट्रकवर चढवलं तर माल ठेवायला जागा उरायची नाही. डिझेलसाहेब १९१३ साली अँटवर्पहून इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसे झाले. त्यांनी कधी अण्णांची तक्रार ऐकली नाही, हे त्यांचं नशीब. पुढे १९२७ पासून बॉश कंपनीने हाताच्या कवेत मावणारे पंप कारखान्यातून काढायला सुरुवात केली आणि डिझेलच्या ट्रकचं जग फोफावलं. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला बॉशचेच पंप बनवणारी मायको निघाली, नंतर नाशिकलाही कारखाना झाला. नाशिककरांना आजही मायको सर्कल पत्त्यासाठी उपयोगी पडतं. आमच्याकडच्या गॅरेजांत मायको हे पंपाचं आडनावच होऊन बसलं होतं.

मिस्त्रींचं दुकान मात्र गॅरेजसारखं दिसायचं नाही. शेजारच्या बॉडी बिल्डरकडे ठणाठण चालायची, समोर टायरवाल्याकडे काळाकुट्ट चिखल. आणि मिस्त्रींच्या आतल्या खोलीत चप्पल काढून जायचं. धुळीचा एक कण त्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत गेला की पंप गेला, म्हणून. खोलीत एक टेस्ट बेंच. त्यावर पंप चढवायचा, मोटर चालू करायची आणि ओळीने उभ्या काचेच्या सहा नळ्यांत प्रत्येक एलिमेंटचं तेल जमा होताना बघायचं. सहाही नळ्या सारख्या भरल्या पाहिजेत. रक्त तपासायला आल्यासारखे ट्रकमालक बाकावर गंभीर चेहऱ्याने बसलेले असत. एकदा एका मालकाने मला हळूच विचारलं, "तुमच्याबी गाडीत काय निघालं?"

खरा व्यवहार काचेच्या नळ्यांत होत नसे. तो चहाच्या टपरीवर व्हायचा.

अण्णा दर महिन्याला मिस्त्रींना गाठायचे. मुठीत पन्नासची नोट. "मिस्त्री, पाव आटा द्या. मालकाला बोलू नका." मिस्त्री नोट कानाला लावल्यासारखी करून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "गाडी लावा. तुम्ही चा घेऊन या." अण्णा चहा पिऊन यायचे तेव्हा पंपाला नवंकोरं सील चमकत असायचं. मिस्त्रींकडे शिशाच्या मण्यांचा एक डबा होता आणि ते चेपायचा चिमटाही. कंपनीचा विश्वास कंपनीने दिला होता त्यापेक्षा सुबक करून ते परत बसवत.

दुसऱ्या दिवशी अण्णा घाट चढून यायचे ते छाती पुढे काढूनच. "इमान झालंया, इमान!"

पंधरा दिवसांनी मामांच्या चोपडीत संशय उगवायचा. मग मामा मिस्त्रींना गाठायचे. पन्नासची नोटच, फक्त पाकिटातून काढलेली. "मिस्त्री, अण्णाने पंप वाढवलेला दिसतोय. पाव आटा कमी करा. त्याला कळू देऊ नका." मिस्त्री म्हणायचे, "तुम्ही चा घ्या, मालक." नवीन सील. पुढच्या फेरीला मामांच्या चोपडीत साडेचार. मामी आमटीत मूठभर डाळ जास्त टाकायच्या.

हे दोन वर्षं चाललं. त्या स्क्रूने या दोन वर्षांत आत-बाहेर केलेल्या पाव-पाव आट्यांची मी मनात बेरीज करायचो. ती दर वेळी शून्य येई. गणिताने शून्य असलेल्या गोष्टीवर दोन माणसं महिन्याला शंभर रुपये खर्च करून आनंदात होती. लोक सत्यनारायणावर याहून जास्त खर्च करतात, म्हणून मी बोलत नसे.

आता कोणी विचारेल की हा वेडेपणा आपल्याकडचाच का? तर नाही. अमेरिकेत याच्यासाठी माणसं आपल्याहून जास्त खर्च करतात. १९९४ ते १९९८ या वर्षांत तिथे डॉज कंपनीच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन यायचं, त्यावर बॉशचा दणकट पी-पंप. या पंपात डिझेलची मर्यादा ठरवणारी पोलादाची एक छोटी पट्टी असते. तिकडचे हौशी लोक ती काढतात, कानशीने घासतात, पुढे सरकवतात किंवा फेकून देतात. मूळची ताकद १६० ते २१५ घोडे, पिकअपचं वजन तीनेक टन. आत एक माणूस आणि शीतपेयाचा बादलीएवढा पेला. त्या माणसाची तक्रारही हीच की गाडी ओढत नाही!

गंमत पुढेच आहे. याच घराण्याचं इंजिन टाटा कमिन्स ही १९९३ साली निघालेली कंपनी जमशेदपूरला बनवायला लागली आणि आपल्याकडे ते सोळा टनांच्या ट्रकांत बसलं. कमिन्सचं पुण्याशी नातं त्याहून जुनं, १९६२ पासून, कोथरूडचं. आमच्या ओळखीच्या एका काकूंना पुण्यात मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजपलीकडे कमिन्स म्हणजे काही असतं, हे अजून मान्य नाही. थोडक्यात, सख्ख्या भावांपैकी एक अमेरिकेत जाऊन शीतपेय वाहतो आणि दुसरा इथे चिरे वाहतो. आपल्या अनेक घरांत असंच आहे.

धुराच्या बाबतीत मात्र आपण आणि ते वेगळे. आपल्याकडे काळा धूर निघाला की ड्रायव्हर आरशात बघून जरा ओशाळतो, निदान पुढे आरटीओचा माणूस दिसेपर्यंत तरी. अमेरिकेत काही मंडळी मुद्दाम काळा धूर काढायला पंप वाढवतात आणि शेजारून जाणाऱ्या विजेच्या मोटारीवर तो सोडतात. त्याला ते 'रोलिंग कोल' म्हणतात. २०१५ साली न्यू जर्सी राज्याला त्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. सुबत्ता वाढली की माणूस काय हौस करेल सांगता येत नाही. आमचे अण्णा हे ऐकून म्हणाले होते, "तेल फुकट मिळतंय का तिकडं?"

धूर का निघतो, हे मी इथे पंगतीच्या भाषेत सांगतो. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलो हवा लागते, आणि पंगतीत सगळा भात खपावा म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त ठेवावी लागते. टर्बो नसलेलं इंजिन हवा घेतं ती घेतेच. तिच्यात वाढ होत नाही. म्हणजे वऱ्हाडी तेवढेच. तुम्ही भाताची पातेली वाढवलीत तर पहिलं एखादं पातेलं खपेलही, कारण आचाऱ्याने मुळात हात राखून रांधलेलं असतं. तेवढी ताकद खरोखर वाढते. त्यापुढचा भात उरतो आणि करपतो. करपलेला भात सायलेन्सरमधून बाहेर पडतो, त्याला आपण प्रदूषण म्हणतो. करपण्याची धग मात्र आत पिस्टनलाच लागते.

हे सगळं मला तेव्हा माहीत होतं. पाठ होतं. दुःख तेच आहे.

मी तेव्हा कराडच्याच सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर दुसऱ्या खेपेला सोडवला होता आणि त्या यशाचा कैफ उतरलेला नव्हता. मे महिना. मिस्त्री मिरजेकडे नातेवाइकाच्या लग्नाला गेलेले, दुकानाला कुलूप. सकाळी चिपळूणला साखर घेऊन जायचं आणि येताना चिरे. रात्री नऊला अण्णा आमच्या अंगणात.

"इंजनेर, पाव आटा देता का?"

आयुष्यात मला इंजिनिअर म्हणणारा तो पहिला माणूस. मामासुद्धा मला 'शिकतोय' म्हणायचे. मी बॅटरी, पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन निघालो.

सील तोडलं तेव्हा हात थरथरला, हे कबूल करतो. मग चेकनट ढिलं केलं आणि स्क्रू पाव आटा फिरवला. अण्णांनी गाडी चालू करून रेस दिली. "काय फरक न्हाय." तेव्हा मला शंका आली की आपण उलटा फिरवला असेल. कुठल्या बाजूला फिरवल्यावर डिझेल वाढतं हे पंपापंपाप्रमाणे बदलतं. आमच्या कॉलेजच्या पुस्तकात आकृती होती, पण ती विलायतेतल्या कुठल्या तरी पंपाची. म्हणून परत मागे अर्धा. मग वाटलं, पहिलाच बरोबर होता. पुन्हा पुढे. एवढ्यात क्लिनरने विचारलं, "दादा, सुरुवातीला कुठं हुता ओ ह्यो?"

ज्याने आयुष्यात एकदा जरी गॅरेज बघितलंय त्याला माहीत असतं, की कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी खडूने एक खूण करायची. मी केली नव्हती. त्या स्क्रूचं मूळ गाव आता फक्त कंपनीला ठाऊक होतं. मी चेहरा स्थिर ठेवला, "बरोबर आहे," असं म्हटलं, आणि शंका नको म्हणून डिझेलच्या बाजूला वाटणाऱ्या दिशेने थोडा आणखी दिला. सील म्हणून तारेला च्युइंगम लावून वर चांदीचा कागद चेपला. अंधारात ते मिस्त्रींच्या सीलपेक्षा चांगलं दिसत होतं.

सकाळी मीही गाडीत बसलो. श्रेय घ्यायला कोणी तरी हवं ना.

जाताना उतार, त्यामुळे काही कळलं नाही. चिपळूणच्या पुढे चिरे भरले. परत येताना वाटेतल्या एका पंपावर ऐंशी लिटर डिझेल घेतलं. हा पंप लक्षात ठेवा. पोफळी मागे टाकून गाडी घाटाला लागली आणि अण्णांनी जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी कुंभार्लीच्या चढात दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक केलं. एक, मग दुसरा. तिसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर अण्णांचा मेहुणा निघाला. त्याच्या बाजूने जाताना अण्णांनी खिडकीतून जो हात केला, तसा मी फक्त निवडणूक जिंकलेल्यांना करताना पाहिलाय. "इंजनेर!" ते गिअरच्या आवाजावर ओरडले, "तुमी हितंच दुकान टाका!"

आरशात घाट दिसत नव्हता. घाटाच्या जागी काळा पडदा होता. आमच्या मागे एक एसटी होती आणि तिच्यात लग्नाचं वऱ्हाड. वळणावर धूर जरा विरला तेव्हा मला पुढच्या खिडकीतले दोन फेटे दिसले. ते सकाळी गुलाबी असावेत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तो साइड मागत नव्हता. तो आमच्या पूर्वजांबद्दल काही बोलत होता. पुढच्या पिढ्यांत त्या लग्नाचे फोटो बघताना वरपक्षाकडच्या मंडळींच्या रंगाबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये. तो रंग माझा आहे.

घाटमाथा दोनेक वळणांवर राहिला असताना इंजिनाचा आवाज बदलला. आधी सहा जण ओढत होते, आता पाच ओढत होते आणि सहावा ठोकत होता. तापमानाचा काटा केव्हाच लाल रकान्यात जाऊन बसला होता. आम्ही तो वेग दाखवणारा समजून खूश होतो. अण्णांनी गाडी कडेला घेतली, चाकाखाली दगड लावले आणि ऑइल भरायचं झाकण उघडलं. आतून चिलीम ओढल्यासारखा धूर आला. अण्णांनी झाकण हळूच परत लावलं, जणू आत कोणी झोपलंय.

मागून आलेल्या मेहुण्याच्या ट्रकने आम्हाला ओढून हेळवाकपर्यंत आणलं. साखळी लावताना मेहुणा काही बोलला नाही. त्याने खिडकीतून फक्त हात केला.

इंजिन उतरलं. एका पिस्टनचं डोकं वितळून मेणबत्तीसारखं ओघळलं होतं. लायनर खरवडलेला, हेड गॅस्केट गेलेलं. त्यावर झालेला खर्च मामांच्या चोपडीत वेगळ्या पानावर आहे. ते पान मामी कोणाला दाखवू देत नाहीत.

मिरजेहून मिस्त्री आले. त्यांनी पंप पुसला, माझा चांदीचा कागद दोन बोटांत धरून उजेडात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. पंप बेंचवर चढवला. काचेच्या सहाही नळ्या काठोकाठ भरून तेल खाली सांडायला लागलं. मामा बाकावरून उठून उभे राहिले.

"काय झालं हो मिस्त्री?"

मी भिंतीकडे बघत होतो. अण्णा त्यांच्या पायांकडे बघत होते. मिस्त्रींनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "पंपानं घात केला, मालक."

मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "तरी मी म्हणत होतो! त्या चिपळूणकडच्या पंपावर डिझेलमध्ये रॉकेल घालतात!"

मिस्त्री काही बोलले नाहीत. अण्णाही नाहीत. मी तर इंजिनिअर होणार होतो.

आता हे सगळं इतिहासात जमा व्हायला आलंय. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सिक्स ट्रकांत असला पंपही नाही आणि असला स्क्रूही नाही. दाब सोळाशे, दोन हजार वातावरणांपुढे गेला. थेंबाचा हिशेब कॉम्प्युटर ठेवतो. वर एक युरियाच्या पाण्याची टाकी असते. ती रिकामी होत आली की गाडी स्वतःच ताकद कमी करते, म्हणजे 'गाडी वढत न्हाय' हे आता गाडीच सांगते. पाव आटा देणारे संपले असं मात्र नाही. आता ते लॅपटॉप घेऊन येतात, खिशात पन्नासच्या नोटा मावत नाहीत म्हणून मोबाइलवर पैसे घेतात आणि तुम्हाला चहा प्यायला पाठवतात.

काही वर्षांमागे मी मिस्त्रींना भेटायला गेलो. दुकान त्यांच्या नातवाने बॅटऱ्यांचं केलंय. मिस्त्री आतल्या खोलीत बसतात. बेंच विकला, पण काचेच्या नळ्या फडताळात ठेवल्यात. चप्पल मी सवयीने बाहेरच काढली. बोलता बोलता मी माझ्या शून्य बेरजेचा विषय काढला. म्हटलं, "दोन वर्षं तुम्ही तो स्क्रू पाव आटा आत, पाव आटा बाहेर करत होता. कंटाळा नाही आला?"

मिस्त्री हसले. "कोण करत हुतं?"

"म्हणजे?"

"कंपनीनं बेंचवर लावलेला स्क्रू. त्याला मी कशाला हात लावू? डिझेल फिल्टर बदलायचो. नोझल खोलून धुवायचो, दाब बघायचो. एअर क्लिनर उघडला की जांभ्याची अर्धा किलो माती निघायची. तेवढं केलं की गाडी वढती बी, अन् तेल बी कमी पिती. दोघं बी खूश. सील तेवढं नवं लावायचं."

मी विचारलं, "मग त्यांना तसं सांगितलं का नाही? फिल्टर बदललाय म्हणून?"

"फिल्टर बदलायला पन्नास कोण देतंय?"

म्हणजे तो स्क्रू त्या गाडीच्या आख्ख्या आयुष्यात एकदाच फिरला. मे महिन्यात, रात्री नऊ वाजता, बॅटरीच्या उजेडात.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ट्रक कधीच विकला, चोपडी आहे. मुंबईला, रत्नागिरीला, कुठेही निघालं की ते अजून गाडी चालवणाऱ्याला बजावतात, चिपळूणकडच्या त्या पंपावर टाकी भरू नका, रॉकेल घालतात. तीस वर्षं झाली, आमच्या सगळ्या खानदानाने तिथे एक लिटर डिझेल घेतलेलं नाही. तो पंपवाला निर्दोष आहे. त्या वाटेने कधी गेलात तर त्याच्याकडे टाकी फुल करा, आणि मामांना सांगू नका.